बॅटरी कपाळाला की कमरेला?

पाबळला आम्ही काही शिक्षकमित्रांबरोबर चार दिवस राहिलो होतो, तेव्हाची गोष्ट. शिरूर तालुक्याचा हा कोरडवाहू भाग. विहिरीला थोडेफार पाणी असले आणि शेतीपंपाची वीज रात्रीची असली, की दारे धरायला रात्रीच जावे लागते. आमच्या मुक्कामाशेजारचे एक वयस्क शेतकरी असेच निघाले होते. त्यांच्या मुलाने त्यांना डोक्याला पट्ट्याने बांधायची नवी बॅटरी आणून दिली होती. दोन्ही हात मोकळे राहतात, फावडे धरता येते. तरीही म्हातारबाबांच्या हातात जुनी बॅटरी होतीच. आम्ही विचारले, "बाबा, दोन दोन कशाला?"

ते म्हणाले, "गुरुजी, कपाळाच्या उजेडात जनावराचे डोळे चमकतात, पण वाट नाही दिसत. वाट बघायची तर बॅटरी खालीच धरावी लागते."

आमच्यातल्या दोघातिघांना हे पटले नाही. उजेड तो उजेड, कपाळावरून पडला काय आणि कमरेपासून पडला काय! म्हणून त्याच रात्री बांधावर जाऊन आम्ही दोन्ही प्रकारे चालून पाहिले. बाबा म्हणत होते ते अगदी खरे होते. बॅटरी कपाळाला असताना पायवाटेवरचे दगड, ढेकळे, खड्डे सारे एकाच सपाट करड्या रंगात मिसळून गेले. बॅटरी गुडघ्याजवळ नेताच प्रत्येक दगड जागचा उठून उभा राहिला.

असे का व्हावे? उत्तर दहावीच्या भूमितीत आहे. समजा, तुमच्यापासून 5 मीटरवर 10 सेंटिमीटर उंचीचा दगड आहे. तुमचे डोळे जमिनीपासून 1.5 मीटरवर आणि कपाळावरची बॅटरी 1.6 मीटरवर आहे. समरूप त्रिकोणांनी हिशोब केला, तर दगडामागे पडणारी सावली सुमारे 33 सेंटिमीटर लांब येते. पण तोच दगड तुमच्या डोळ्यांपासून स्वतःच्या मागची सुमारे 36 सेंटिमीटर जमीन झाकतो. म्हणजे सावली आहे, पण ती पूर्णपणे दगडाआड लपलेली आहे. आता बॅटरी 90 सेंटिमीटरवर, म्हणजे कमरेशी धरा. सावली 62 सेंटिमीटरपर्यंत लांबते आणि त्यातली 26-27 सेंटिमीटर डोळ्यांना दिसू लागते. बॅटरी 50 सेंटिमीटरवर, गुडघ्याजवळ नेली तर सावली सव्वा मीटर होते! वर्गात मुलांकडून हे गणित जरूर करून घ्यावे. पाठ्यपुस्तकातल्या खांब आणि मनोऱ्यांपेक्षा हे त्यांना जवळचे वाटेल.

आणि जनावराचे डोळे? तेथे नेमके उलट आहे. शिरूर-जुन्नरच्या पट्ट्यात उसात बिबट्या असतो. मांजर, कुत्रा, बिबट्या यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे आरशासारखा एक थर असतो. डोळ्यात शिरलेला प्रकाश त्यावर आपटून जवळजवळ आल्या वाटेने परत जातो, म्हणजे बॅटरीकडेच येतो. तो टिपायला आपला डोळा बॅटरीच्या अगदी जवळ हवा. कमरेच्या बॅटरीने हे डोळे फिकट दिसतात, कपाळाच्या बॅटरीने निखाऱ्यासारखे. बाबांच्या दोन बॅटऱ्यांमागे दोन वेगळे नियम होते.

सारांश इतकाच, की दिवा डोळ्याशेजारी असला तर वस्तू उजळते, पण तिचा उंचसखलपणा हरवतो. पौर्णिमेचा चंद्र छोट्या दुर्बिणीतून पाहून कित्येकांची निराशा होते, त्याचे कारण हेच. सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि चंद्रावरची विवरे चुन्याच्या डागांसारखी सपाट दिसतात. अष्टमीला पाहा, उजेड-अंधाराच्या सीमारेषेवरची विवरे वाटीसारखी खोल दिसतील. गावातल्या देवळाबाहेर झिजलेला वीरगळ असला, तर त्याच्यावर ऊन कडेने तिरपे पडते त्या वेळी मुलांना घेऊन जा. समोरून ऊन पडल्यावर जेथे नुसता दगड दिसतो, तेथे घोडा आणि तलवार दिसू लागते.

आता याच प्रश्नाच्या अशा एका रूपाकडे वळू, जेथे ठेच लागण्यापेक्षा बरेच मोठे नुकसान होऊ शकते.

'दुर्बिणीचं ऑपरेशन' हा शब्द आता खेड्यापाड्यांत रुळला आहे. कुणाचे पित्ताशय, कुणाचे अपेंडिक्स 'दुर्बिणीतून' काढलेले असते. कुणाच्या पोटात 'दुर्बीण घालून' जठरातला व्रण पाहिलेला असतो. ही दुर्बीण लांबचे पाहण्याची नव्हे, आतले पाहण्याची. तोंडावाटे किंवा गुदद्वारावाटे आत जाणारी लवचीक नळी म्हणजे एंडोस्कोप. पोटावर छोटे छिद्र पाडून आत घालतात तो ताठ दांडा म्हणजे लॅप्रोस्कोप. दोन्हींची मूळ अडचण एकच आहे. आत मिट्ट काळोख असतो आणि आत जायला वाट असते ती बोटाएवढी. त्याच वाटेने उजेड आत न्यायचा आणि त्याच वाटेने चित्र बाहेर आणायचे.

फ्रँकफर्टचा डॉक्टर फिलिप बोझिनी याने 1806 मध्ये यासाठी एक उपकरण केले होते. त्यात मेणबत्ती होती, तिचा उजेड नळीत वळवणारा आरसा होता आणि शेजारून पाहायला जागा होती. पुढे नळीच्या टोकाशी छोटा विजेचा दिवा बसवू लागले, पण तो तापायचा आणि आतल्या अस्तराला चटका बसण्याची भीती असायची. यातून वाट निघाली ती काचतंतूंमुळे. पंजाबातल्या मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरोल्ड हॉपकिन्स यांनी लंडनमध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेऊन दाखवले. हे काम 1954 मध्ये प्रसिद्ध झाले. तीनच वर्षांत, 1957 मध्ये, अमेरिकेत बेसिल हर्शोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जठरात उतरवता येईल असा लवचीक काचतंतूंचा एंडोस्कोप तयार केला. दिवा बाहेर ठेवायचा आणि तंतूंतून फक्त उजेड आत सोडायचा, हे शक्य झाले. आता तर चित्र टिपणारी चिपच नळीच्या टोकावर असते.

महाराष्ट्रात या विद्येशी जोडलेले नाव म्हणजे मुंबईचे डॉ. टेम्टन उदवाडिया. 1972 पासून ते लॅप्रोस्कोपने पोटात पाहून निदान करत होते. 1990 मध्ये जे. जे. रुग्णालयात त्यांनी लॅप्रोस्कोपच्या साहाय्याने पित्ताशय काढले. भारतातली ही अशी पहिली शस्त्रक्रिया. जे. जे. हे सरकारी रुग्णालय आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. छोटी जखम आणि लवकर घरी जाणे याचा खरा लाभ श्रीमंतापेक्षा ज्याची मजुरी बुडते त्याला जास्त.

पण या सोयीची एक किंमत आहे. पोट उघडून शस्त्रक्रिया करताना सर्जन दोन डोळ्यांनी पाहतो, मान हलवून कडेने पाहतो, बोटांनी चाचपतो. वर मोठा दिवा असतो, त्याच्या सावल्या पडतात. लॅप्रोस्कोपमध्ये यातले काय उरते? डोळा एकच, तोही सहायकाच्या हातात. चित्र सपाट पडद्यावर. चाचपणे जवळजवळ नाहीच, लांब दांड्याच्या चिमट्यातून जाणवेल तेवढेच. आणि दिवा? उजेड आणणारे तंतू भिंगाभोवती कड्यासारखे बसवलेले असतात. म्हणजे बॅटरी कपाळालाच! ज्या सावल्या पडतात त्या वस्तूंआड लपतात.

आकडे घालून पाहू. एंडोस्कोपच्या टोकाचा व्यास साधारण 1 सेंटिमीटर असतो. दिवा भिंगापासून 5 मिलिमीटर दूर आणि आतड्याची भिंत 40 मिलिमीटर दूर आहे असे धरा. उजेड आणि नजर यांच्यातला कोन जेमतेम 7 अंश येतो. भिंतीवर 2 मिलिमीटर उंचीचा उंचवटा असेल, तर त्याची दिसणारी सावली पाव मिलिमीटर. दिवा 40 मिलिमीटर बाजूला नेता आला असता, तर ती 2 मिलिमीटर झाली असती. पण बोटाएवढ्या नळीत दिवा न्यायचा कुठे?

तरी खोलीची सगळी खूण पुसली जाते असे नाही. टोकाशी असलेल्या दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. 4 सेंटिमीटरवरच्या भागावर जेवढा उजेड पडतो, त्याच्या एक चतुर्थांश 8 सेंटिमीटरवरच्या भागावर पडतो. त्यामुळे जवळचे लख्ख, दूरचे काळोखे अशी एक पायरी चित्रात राहते. आतड्याच्या चित्रात मधोमध काळे भोक दिसते, ते भोक म्हणजे पुढची वाट. अनुभवी डॉक्टर या खुणा नकळत वाचतात. पण बारीक उंचसखलपणासाठी ही पायरी फार ढोबळ पडते.

खरी पंचाईत आणखी निराळी आहे. समोरून उजेड पडला की जो पृष्ठभाग आपल्याकडे सरळ तोंड करून आहे तो उजळ आणि जो कललेला आहे तो मंद दिसतो. आता एक टेंगूळ घ्या. मध्यभाग उजळ, कडा मंद. आणि एक खळगा घ्या. तळ उजळ, कडा मंद. दोन्ही चित्रे जवळपास सारखी! आतड्यातला अंकुर आणि आतड्याच्या भिंतीतली पिशवी यांत डॉक्टरांना फरक करावा लागतो. अंकुर काढून टाकायचा असतो, कारण त्यातले काही पुढे कर्करोगाकडे जातात. पिशवी अंकुर समजून कापली, तर आतड्याला भोक पडू शकते. आतड्यातले काही बदल तर इतके चपटे असतात की सरळ उजेडात ते नजरेतून निसटतात.

उजेड एका बाजूने पडला तर? टेंगळाची दिव्याकडची बाजू उजळते, खळग्याची दिव्यापासून दूरची. कोडे सुटले असे वाटते. पण यात एक अट आहे: दिवा कोणत्या बाजूला आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक हवे. ठाऊक नसेल तर मेंदू स्वतःच ठरवून टाकतो, आणि तो बहुधा वरची बाजू निवडतो. मूळच्या चेन्नईच्या व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1988 मध्ये छटा दिलेल्या साध्या वर्तुळांची चित्रे वापरून हे फार सुंदर दाखवले. वरची बाजू उजळ असलेले वर्तुळ फुगीर दिसते, खालची उजळ असलेले खोलगट. कागद उलटा धरला की फुगीर ते खोलगट होते. शिवाय सगळ्या चित्राला मिळून एकच दिवा आहे असेही मेंदू गृहीत धरतो. आकाशात सूर्य एकच आणि तो वर, या जगात वाढलेल्या डोळ्यांची ही सवय आहे. ओल्या मातीतल्या पावलाच्या ठशाचा फोटो उलटा करून पाहा. ठसा वर उठलेला दिसेल.

यावरून एंडोस्कोप करणाऱ्याला एक उपयोगी सूचना मिळते. दिवा आणि भिंग एकाच टोकावर घट्ट बसलेले असतात, नळी कशीही फिरली तरी त्यांचे परस्परांतले स्थान बदलत नाही. तेव्हा जास्त प्रखर दिवा चित्राच्या वरच्या अंगाला ठेवला, तर पडद्यावर उजेड नेहमी वरूनच येताना दिसेल आणि मेंदूच्या सवयीशी भांडण होणार नाही. तोच दिवा खालच्या अंगाला बसवला तर सावल्या मिळतील, पण दिशाभूल करणाऱ्या. सावली नसण्यापेक्षा चुकीची वाचलेली सावली जास्त घातक.

लॅप्रोस्कोपच्या बाबतीत थोडी मोकळीक आहे, कारण पोटावर तशीही तीन-चार छिद्रे असतात. स्कॉटलंडमधल्या डंडी येथे अल्फ्रेड कशिएरी यांच्या गटाने दुसरा दिवा वेगळ्या जागेवरून टाकून पाहिला. त्यात त्यांचे भारतीय सहकारी आर. के. मिश्रा होते. पडद्याकडे पाहत उंचसखल पृष्ठभागावरच्या ठरावीक जागांना चिमट्याने स्पर्श करायचा, अशी परीक्षा होती. सावली पाडणाऱ्या उजेडात हे काम सुधारते, असे त्यांच्या 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात आहे. सावली फार गडद करूनही चालत नाही, कारण काळ्याकुट्ट सावलीत शीर दडली तर ती दिसणारच नाही. मूळचा समोरचा उजेड हवाच, वरचा दिवा त्याच्या जोडीला.

आणखी एक मार्ग गणिताचा आहे. कॅमेरा जागचा न हलवता एकामागून एक तीन वेगवेगळ्या दिशांनी उजेड टाकून तीन फोटो घ्यायचे. चित्रातल्या प्रत्येक बिंदूबद्दल आपल्याला तीन गोष्टी ठाऊक नसतात: तेथला पृष्ठभाग आडवा किती कलला आहे, उभा किती कलला आहे आणि त्याचा स्वतःचा रंग किती उजळ आहे. तीन फोटो म्हणजे तीन समीकरणे. ती सोडवली की रंग वेगळा आणि उतार वेगळा मिळतो. रॉबर्ट वुडहॅम यांनी ही पद्धत 1980 मध्ये मांडली. 2013 मध्ये निकोलस डर, व्हिसेंटे पॅरट आणि सहकाऱ्यांनी ती एंडोस्कोपवर आणली. टोकाभोवतीचे दिवे आळीपाळीने लावायचे आणि संगणकाने उंचसखलपणाचा नकाशा काढायचा. 7 अंशांचा कोन डोळ्याला अपुरा पडतो, पण दोन चित्रांतला बारीक फरक मोजणाऱ्या यंत्राला पुरतो. अर्थात आतडे काही फोटोसाठी स्तब्ध बसत नाही, आणि ओल्या अस्तरावरची चकाकी हिशोब बिघडवते. दोन भिंगांचे, चष्मा लावून पाहायचे लॅप्रोस्कोपही आहेत. पण ते महाग पडतात.

उजेडाने सारेच साधेल असा आमचा दावा नाही. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स वे यांच्या गटाने 2003 मध्ये पित्तनलिकेला इजा झालेल्या 252 शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या 97 टक्के प्रकरणांत मूळ कारण हाताचे कौशल्य कमी पडणे हे नव्हते, तर दृष्टिभ्रम हे होते. सर्जनला एक नळी दिसत होती आणि ती दुसरीच होती. हा भ्रम केवळ सावलीच्या अभावाचा नाही. आपल्याला जे अपेक्षित असते ते दिसण्याचाही आहे. तरी मेंदूला जेवढ्या खुणा कमी मिळतील तेवढी तो स्वतःची भर घालणार, हे उघड आहे.

हे सगळे वर्गात आणता येईल का, असा विचार पाबळमध्ये मनात येणे साहजिकच. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो याच गावात, हाताने काम करता करता शिकावे या विचाराने. 2002 मध्ये तेथे फॅब लॅबही आली. पण आमच्या प्रयोगाला तेवढ्या साधनांची गरज नव्हती. बुटांचे रिकामे खोके, दोन मोबाइल, मूठभर कणीक आणि सायकलचा एक जुना स्पोक एवढ्यावर भागले. मोबाइलचे भिंग आणि त्याचा दिवा शेजारी शेजारी असतात, म्हणजे तो आयता एंडोस्कोपच आहे.

खोक्याच्या एका टोकाला भिंग आणि दिवा दोन्ही बसतील एवढे भोक पाडा. समोरच्या टोकाला आतून कणकेचा थापा चिकटवा. त्यावर अंगठ्याने काही खळगे करा आणि तेवढ्याच आकाराच्या काही गोळ्या बसवून त्यांच्या कडा नीट मिसळून घ्या. वरून कोरडे पीठ भुरभुरा, म्हणजे चकाकी राहणार नाही. झाकण लावून मोबाइलचा दिवा चालू करा आणि व्हिडिओ लावा. खोके न पाहिलेल्या मुलांनी पडद्यावर पाहून 'टेंगूळ' की 'खळगा' हे वहीत लिहायचे. आमच्याकडे शिक्षकांचीही गडबड उडाली. मग झाकणात, कणकेच्या वर थोडे अलीकडे, दुसरे भोक पाडून दुसऱ्या मोबाइलचा उजेड आत सोडा. वहीतल्या उत्तरांवर काट मारण्याची घाई सुरू होते! त्यानंतर मुलांना न सांगता, घेतलेला व्हिडिओ मोबाइल उलटा धरून दाखवा, म्हणजे पडद्यावर उजेड खालून येईल, आणि पुन्हा लिहायला सांगा. आता काय होते ते येथे सांगत नाही. (पडदा फिरवला की चित्र आपोआप सरळ करण्याची मोबाइलची सोय आधी बंद करायला विसरू नका. आम्ही विसरलो होतो.)

दुसरा भाग स्पोकचा. कणकेत रंगीत डोक्याची टाचणी टोचा. खोक्याच्या बाजूच्या भोकातून स्पोक आत घालून, फक्त पडद्याकडे पाहत, त्याच्या टोकाने टाचणीच्या डोक्याला शिवायचे. एकट्या समोरच्या उजेडात टोक टाचणीच्या अलीकडेच हवेत फिरते किंवा थेट कणकेत घुसते. कणीक म्हणजे आतडे, हे मुलांना सांगायची गरज पडत नाही. वरचा दिवा लावला की स्पोकची सावली कणकेवर दिसू लागते. टोक पुढे न्यावे तशी ती टोकाकडे सरकते, आणि टोक व सावली एकमेकांना भेटतात त्याच क्षणी स्पर्श होतो. घार अंगणात झेपावते तेव्हा तिची सावली तिला अशीच खाली भेटते.

दोन्ही उजेडांत दहा-दहा प्रयत्न करून किती वेळा नेम लागला ते फळ्यावर मांडा. वरच्या भोकावर बटर पेपरचे एक, दोन, तीन पदर लावून सावली फिकी करत न्या आणि कोणत्या टप्प्यावर काम सर्वांत सोपे जाते ते मुलांना शोधू द्या. शेवटी पीठ पुसून कणकेला तेलाचा हात लावा आणि पुन्हा सुरुवातीपासून करून पाहा. चकाकणाऱ्या ठिपक्यांमुळे पहिली उत्तरे पुष्कळच बदलतील.